हलीमाची माळ

हलू नको चंद्रे. दूध काढून झालंय, आता गप उभी ऱ्हा अन् ऐक. घरात दुसरं कोण हाय ऐकायला? मालक जाऊन लई वर्सं झाली, पोरगा रणधीर पुण्यात, सूनबाई पुण्यात, अन् नात हर्षाली परवा गेली ती डोळे पुसत गेली. भिंतीला सांगावं तर ती पण शूटिंगवाल्यांनी रंगवून ठेवलीय, माझी मलाच वळखू येत न्हाय. तू म्हैस हायस हे एक बरं हाय. तुझ्या पोटात गेलं ते गेलं. फार तर रवंथ करशील.

या माझ्या गळ्यात कवड्यांच्या दोन माळा हायत बघ. धार काढताना तुला लागतात म्हणून तू शेपटी मारतीस त्याच. एक माझी हाय. दुसरी हलीमाची.

आमच्यात आईची, म्हंजे तुळजापूरच्या आईची माळ घातली की मंगळवारी अन् शुक्रवारी परडी घेऊन पाच घरं जोगवा मागायचा. घरात पोत्यानं ज्वारी असू दे, दारात गाडी उभी असू दे, हात पसरायचा म्हंजे पसरायचा. अन् माळ अशी खुंटीला टांगून ठेवता येत न्हाय. घालणारी गेली की घरातल्या दुसऱ्या बाईनं ती गळ्यात घ्यायची. माझ्या दोन माळा म्हणून माझ्या दोन खेपा. सकाळी पाच घरं माझी, दुपारी पाच घरं हलीमाची. आता ही हलीमा कोण, ते सांगते.

माझ्या सासूचं नाव अंबूबाई. मी लग्न होऊन आले तवा आत्याबाईंच्या गळ्यात दोन माळा. म्या पहिल्याच आठवड्यात विचारलं, मला कुठला दम निघतोय! त्या म्हणल्या, भाकरी कर, सांगते. अन् चुलीपुढं बसून सांगितलं.

पोलीस ॲक्शनच्या सालची गोष्ट. आधी रझाकारांनी या मुलखात जो धुडगूस घालायचा तो घातला. मग फौज आली, निजाम गेला, अन् ज्यांचा रझाकाराशी काडीचा संबंध न्हाय अशा गरीब मुसलमानांच्या घरांवर लोक चालून गेले. माणसं कापली. गावंच्या गावं रिकामी झाली. हलीमा आमच्या गावच्या मनियाराची, बांगडीवाल्याची बायको. गावातल्या एकूण एक बाईच्या हातात तिनं बांगड्या भरलेल्या. तिचा नवरा बांगड्यांची पेटी घेऊन बाजाराला गेला अन् परत आला न्हाय. पेटी तेवढी वाटेत सापडली. हलीमा पोटुशी होती, नुकतंच कळलेलं.

आत्याबाईंनी तिला घरात घेतलं. पण झाकून ठेवणार किती? गावात तिला न वळखणारं मूल न्हवतं. चौघं जण येऊन ओट्यावर बसले, अंबू, घरात कोण हाय म्हणून. आत्याबाईंनी शिव्या घालून हाकलले. पण ते परत येणार हे दिसतच होतं. त्यांच्या सासूची माळ तवा देव्हाऱ्यात होती, म्हातारी नुकतीच गेलेली. आत्याबाईंनी ती उचलली अन् हलीमाच्या गळ्यात घातली. कपाळभर मळवट भरला, हातात परडी दिली. घालताना आईला म्हणल्या, "हे सोंग न्हाय. मी खरीच घालते. हिला तुझी म्हणून सांभाळ."

सोलापूर निजामाच्या राज्यात न्हवतं अन् हलीमाचं माहेर सोलापूरचं. दोघी आराधिणी निघाल्या, तीन दिवस आडवाटेनं, गावोगाव जोगवा मागत. आईच्या माळेला हात लावायची कुणाची छाती हाय? ज्या गावात आदल्या दिवशी घरं जाळली होती, त्या गावच्या बाया हलीमाच्या पाया पडल्या. भीतीनं आत्याबाईंचा घसाच बसला, तर हलीमा गायली. जन्मभर लोकांच्या ओसरीत बसून बांगड्या भरलेल्या, तिला आईची गाणी आत्याबाईंपेक्षा जास्त पाठ! हे सांगताना आत्याबाई हसायच्या, अन् हसता हसता पदर डोळ्याला जायचा.

सोलापूर जवळ आलं, तवा बोरामणीच्या पुढं एका विहिरीवर हलीमानं कपाळ धुतलं. माळ काढून आत्याबाईंच्या हातात दिली. "इथनं पुढं एकटी जाते अंबू. माहेरच्या दारात अशी जाता येणार न्हाय. माळ तुझ्याजवळ ठेव, मी येते परत."

"ठेवून कशी ठेवू? तू येईस्तोवर मी घालते," आत्याबाई म्हणल्या, अन् तिथंच विहिरीवर गळ्यात घातली.

हलीमा आली न्हाय. आत्याबाई दोनदा सोलापुरात विचारत फिरल्या, पत्ता लागला न्हाय. मरायच्या आधी त्यांनी दोन्ही माळा माझ्या गळ्यात घातल्या. "कस्तुरा, ही तिची हाय. तिचं कुणी आलं तर त्याच्या हातात द्यायची. तोवर खाली ठेवायची न्हाय." झालं! बाई गेली सुटून अन् मी बसले अडकून.

खरं सांगू चंद्रे? मला हलीमाचा लई राग यायचा. आत्याबाईंनी तिला बघितलेलं, तिच्या संगं चाललेल्या. म्या काय बघितलं? दुपारच्या उन्हात दुसरी खेप, गुडघे ठणकतात, अन् आता गावात पाच उघडी दारं सापडाय पाहिजेत ना! या गल्लीतले पुण्याला, त्या गल्लीतले सोलापूरला. कुलपं, नुसती कुलपं. धोंडप्पाच्या दारात उभी राहिले तर आत टीव्ही एवढा मोठा, की माझी हाक मलाच ऐकू येत न्हाय. शेवटचं घर गाठायला पार शेतातल्या वस्तीवर जावं लागतं. तवा मी वाटंनं मोठमोठ्यानं म्हणायची, "हलीमे, इमान न्हाय तुला. जीव वाचवून घेतलास अन् एकदा तोंड दाखवाय आली न्हाईस. तुझ्यापायी मी म्हातारपणी दारोदार फिरायलेय." समोरनं कुणी आलं की म्हणायचं, म्हातारीचं डोकं फिरलंय.

सूनबाईला म्या एकदा विचारलं, माझ्यामागं माळा घेशील का. ती म्हणली, अहो आई, आमच्या सोसायटीत जोगवा कसा मागणार? तिचं पण काय चुकलं. पण हर्षाली म्हणली, मी घेईन आजी, दोन्ही घेईन. ती लहान होती तवापासून हलीमाची गोष्ट सांगितल्याशिवाय झोपायची न्हाय. विहीर आली की माझा हात घट्ट धरायची.

तीच हर्षाली मोठी होऊन पिच्चरवाल्यांत कामाला लागली. अनिरुद्ध म्हणून एक डायरेक्टर हाय, त्याच्या हाताखाली. तिनं त्याला गोष्ट सांगितली, अन् त्यानं पिच्चर काढायचं ठरवलं. दोघं घरी आले. पोरगं गोड बोलणारं, पायाबिया पडलं, तुझ्यापुढं उभं राहून फोटो काढला. मी म्हणलं, "काढ बाबा पिच्चर. घर घे, अंगण घे, म्हैस घे. मला एकच पाहिजे. माळ दाखवायची."

"दाखवू की आजी. का पण?"

"पिच्चर जगभर जातो म्हणतात. हलीमाचं कुणी कुठं असलं तर माळ बघून येईल. त्याच्या हातात माळ दिली की मी मोकळी."

हर्षालीनं माझा हात दाबला. "येतील आजी. बघ तू."

एवढीच माझी आस होती. जिवंतपणी ती माळ तिच्या माणसाच्या हातात पडावी.

मग ते आले, गाड्याच गाड्या. गावाला जत्रेची कळा. गावातल्या म्हाताऱ्या बाया पण नवी लुगडी नेसून कॅमेऱ्याच्या वाटंत उभ्या. तुला पण चार दिवस गूळ-पेंड मिळाली, खोटं बोलू नको. भिंतींना काळा रंग मारून घर जुनं केलं. म्या म्हणलं, आरं, घर जुनंच हाय, रंग कशाला? हर्षाली हसली.

सोमवारी मागच्या अंगणात खड्डा खणलेला बघितला. पेव. आपल्याकडं पूर्वी जमिनीत धान्य साठवायचे ना, तसलं. त्याच्या तोंडावर दगड, वर माती, अन् हलीमा झालेली ती पोरगी आत उतरायली. आत्याबाई झालेली वरनं भाकरी सोडायली. कुणाच्या गळ्यात माळ न्हाय. परडी न्हाय. मळवट न्हाय.

माझं डोकं असं सणकलं! मी सरळ कॅमेऱ्यापुढं जाऊन उभी राहिले. "बंद करा हे! पेवात माणूस राहतंय का? तोंड उघडल्यावर तासभर वारं खेळू देतात, तवा कुठं आत उतरतात, न्हायतर माणूस गुदमरून मरतंय. अन् ही बाई आत बसून भाकरी खाणार? कुणी सांगितलं तुला हे?"

सगळे थांबले. कुणीतरी हसलं. अनिरुद्ध मला हाताला धरून बाजूला घेऊन गेला, खुर्ची दिली, पाणी दिलं.

"आजी, रागावू नका. हे मी मनानं नाही घातलं. हलीमाबींच्या नातीनं सांगितलंय."

"कुणाच्या नातीनं?"

"सोलापुरात शोधलं आम्ही. रेहाना मॅडम म्हणून शिक्षिका आहेत. त्यांच्या नानी म्हणजे हलीमाबी. नानीनं त्यांना जन्मभर हेच सांगितलं, की अंबूनं मला पेवात लपवलं. आता ज्यांच्यावर बेतलं त्यांच्या घरची गोष्ट मी धरणार ना? माळेची गोष्ट सुंदर आहे आजी. पण मला वाटतं, ती तुमच्या घरात नंतर तयार झाली असावी. होतं असं. सांगता सांगता गोष्टी वाढतात. शिवाय माळ दाखवली तर दोन्हीकडचे लोक वाद घालतील, ते वेगळंच."

नंतर तयार झाली! म्या गळ्यातली माळ हातात धरली अन् त्याच्यापुढं केली. "मग हे काय हाय?" हर्षाली जवळच उभी होती. ती म्हणली, "सर, माझी आजी खोटं बोलत नाही. उद्या रेहाना मॅडम येतायत ना, समोरासमोर होऊ दे. माळेचं खरं निघालं तर तुम्ही घ्यायचं."

"चालेल," अनिरुद्ध म्हणला. "खरं निघालं तर घेतो. शब्द."

तवा माझा राग कुठल्या कुठं गेला. हलीमाची नात! उद्या! अन् उद्या मंगळवार. मी माळ दुधानं धुतली. एक एक कवडी पुसली. देव्हाऱ्यापुढं बसून आत्याबाईंना म्हणलं, आत्याबाई, तुमची मैतरीण आली हो. कसली झोप अन् कसलं काय.

मंगळवारी सकाळची माझी खेप मी झटकन उरकली. जेवणाच्या सुमाराला गाडी आली. रेहाना उतरली. पन्नाशीची बाई, साधी साडी, डोक्यावरनं पदर, चष्मा. तिनं दारात चप्पल काढली अन् वाकून उंबऱ्याला हात लावला. "मावशी, नानी म्हणायची, माझा जीव या उंबऱ्याच्या आत राहिला म्हणून राहिला." मी तिला जवळ घेतलं. तिच्या मनगटात काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या. मला रडूच आवरेना. माळ पदराआड होती. म्हणलं, आधी जेवू दे, पाणी पिऊ दे. मग देऊ.

जेवण झालं, सगळे अंगणात बसलो. अनिरुद्ध, हर्षाली, मी अन् ती. मी विचारलं, "तुझी नानी परत का आली न्हाय ग? माझी सासू लई वाट बघत होती."

रेहाना म्हणली, "मावशी, नानी माहेरी पोचली ती एकटी, पायाला चिखल, पोटात माझी अम्मी. नाना गेलेले. तिकडं पण लोकांची तोंडं काय बंद असतात? कुठं होतीस, कुणाकडं होतीस, एकटी कशी आलीस. अम्मी जन्मली तेव्हा बायका बोटं मोजत होत्या. पुढं अम्मीचं लग्न ठरलं, तर मुलाकडच्या एका म्हातारीनं भर बैठकीत विचारलं, हिची आई दंग्यात रस्त्यानं गावोगाव फिरत आली म्हणतात, ही पोर कुणाची?"

"अगं आई!" माझ्या तोंडातनं निघून गेलं.

"नानी उठली. सगळ्यांपुढं म्हणाली, मी कुठंही फिरले नाही. मी पेवात होते. अंबूनं मला झाकून ठेवलं अन् कडब्याखाली घालून गाडीनं माझ्या बापाच्या दारापर्यंत सोडलं. मला चिमणीनं पण बघितलं नाही, मी कुणापुढं हात पसरला नाही. अंबूच्या गळ्याची शपथ. तेव्हा ते लग्न झालं. नानी परत इकडं कधी आली नाही. मला वाटतं, भ्यायची. इकडं कुणी वेगळंच काही बोललं तर? अम्मी अजून आहे, तब्येत बरी नसते. तिला कुणी काही म्हणालं की ती एवढंच म्हणते, माझ्या आईनं शपथ घेतलीय. आज येताना मला म्हणाली, त्या घरच्यांना एकदा विचार, पेवाची गोष्ट खरी आहे ना. मरायच्या आधी मला त्यांच्या तोंडचं ऐकायचंय."

चंद्रे, माझा हात पदराआड माळेवर होता. तिथंच राहिला.

मग ती हसून म्हणली, "नानीची एक गंमत होती. दर मंगळवारी अन् शुक्रवारी ती पाच घरी वाटीभर तांदूळ पाठवायची. स्वतःच्या घरात नसले तर उसने आणून पाठवायची. आम्ही विचारायचो, पाचच का? मंगळवारच का? सांगायची नाही. म्हणायची, माझं देणं आहे. नानीनंतर अम्मीनं चालू ठेवलं. तुम्हाला काही माहीत आहे का मावशी?"

मला माहीत हाय का? मला! जिला मी इतकी वर्सं भर दुपारच्या वाटंवर शिव्या घातल्या, ती बाई तिकडं पाच घरी वाट्या पाठवत होती. तिला मागता येत न्हवतं म्हणून ती देत होती. मी इथं तिच्या नावानं हात पसरायले अन् ती तिथं माझ्या नावानं हात मोकळा करायली. वाटलं, ओरडून सांगावं, बाई, मला माहीत हाय! मलाच माहीत हाय, दुसऱ्या कुणाला न्हाय!

तेवढ्यात अनिरुद्ध खुर्ची पुढं सरकवून म्हणला, "मॅडम, याच्यावरनंच आठवलं. कस्तुराआजींकडं एक वेगळी गोष्ट आहे. त्यात पेव नाही. आजी, सांगा ना तुम्हीच. माळेचं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. हर्षालीचे डोळे असे चमकत होते. सांग आजी, सांग. रेहानाच्या तोंडावरचं हसू जरा कमी झालं. "वेगळी म्हणजे?"

काय सांगू? की तुझी नानी तीन दिवस उघड्या रस्त्यानं दारोदार फिरली, गावोगावच्या माणसांनी तिला बघितलं, तिनं हात पसरला? की माझ्या सासूच्या गळ्याची शपथ घेऊन ती खोटं बोलली? अन् तिकडं एक आजारी म्हातारी माझ्या तोंडाकडं कान लावून बसलीय, तिचा जन्म या एका गोष्टीवर उभा हाय. आत्याबाईंच्या ओट्यावर तवा चार माणसं बसली होती, अंबू, घरात कोण हाय म्हणून. मला वाटलं, तीच परत आलीत. त्याच दारात. अन् या वेळंला आत्याबाई न्हायत, मी हाय.

मी म्हणलं, "कसली माळ अन् काय. पेवच होतं. या मागच्या अंगणातच होतं. माझी सासू भाकरी सोडायची वरनं. तुझ्या अम्मीला सांग, तुझी आई बोलली ते अक्षरन् अक्षर खरं हाय. कस्तुरानं सांगितलं म्हणून सांग."

"पण आजी, काल तर तुम्ही कॅमेऱ्यापुढं येऊन..." अनिरुद्ध म्हणला.

"काल काय, आज काय. म्हातारं माणूस मी. पोरीला झोपवायला काय बाय रचून सांगायची, ते मलाच खरं वाटाय लागलं. तुझंच बरोबर हाय बाबा, सांगता सांगता वाढतं. पेव ठेव पिच्चरमधी. फक्त तोंडावरचा दगड जरा सरकवून ठेव, वारं जाऊ दे."

हर्षाली उठून उभी राहिली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. "आजी, तू रचून सांगायचीस? विहीर पण? तुझ्यासाठी मी सगळ्यांशी भांडले, आणि तू..." अन् आत गेली. मी तिच्याकडं बघितलं न्हाय. बघितलं असतं तर माझं तोंड उघडलं असतं.

रेहानानं माझे दोन्ही हात धरले अन् तिच्या कपाळाला लावले. मग तिची नजर माझ्या गळ्याकडं गेली. "मावशी, दोन माळा घालता तुम्ही?"

"एक माझी. एक मैतरणीची हाय. ती परगावी असती, तिला घालाय जमत न्हाय."

"बरं आहे तुमच्या मैत्रिणीचं," ती म्हणली, अन् पिशवीतनं एक स्टीलचा डबा काढला. "अम्मीनं दिलाय. आज मंगळवार ना. चार वाट्या गल्लीत दिल्या, म्हणाली पाचवी त्यांच्या घरी दे."

मी म्हणलं, "थांब. असं हातात घेत न्हाय." आत गेले, परडी घेतली. हर्षाली भिंतीकडं तोंड करून बसली होती. दुपारची, हलीमाची खेप अजून व्हायचीच होती. मी अंगणात आले, त्या पोरीच्या पुढं उभी राहिले, अन् परडी पुढं केली. जोगवा वाढा माय, हे मी मनातच म्हणलं. रेहानानं डबा उघडला, तांदूळ परडीत ओतले, शेवटचे दाणे बोटानं काढून टाकले. तिला वाटलं, म्हातारीचं भांडं असंल.

हर्षाली दुसऱ्या दिवशी त्यांच्या गाडीतनं गेली. पाया पडली, पण मान वर केली न्हाय. "माळांचं नंतर बघू आजी," म्हणली. बघू म्हंजे न्हाय. मला कळतंय ते. तिला बोलवून घेऊन कानात सांगावं असं शंभरदा वाटलं. पण पोर गुणाची असली तरी तिच्या पोटात काय राहत न्हाय. माझी बाजू घ्यायला ती उद्या साऱ्या जगाला सांगत सुटंल. मग त्या सोलापूरच्या म्हातारीनं काय करायचं? तवा माझं तोंड बंद ते बंद. माझ्यामागं या माळा कुणाच्या गळ्यात जातील ते आईला माहीत. मला आता कुणी राहिलं न्हाय चंद्रे. तुझ्यापुढं रडायले, तर ते पण तुला कळत न्हाय.

चल, सर बाजूला. आज शुक्रवार हाय. तिकडं ती म्हातारी वाट्या भरत बसली असंल. गुडघे दुखतायत, ऊन तापायच्या आत निघाय पाहिजे. अन् आजपासनं मी एक ठरवलंय. हलीमाची खेप आधी करायची, माझी दुपारी.